टेबलाखालचा किंग

पहिल्या खेपेला आम्ही सोमवारी गेलो आणि दाराला कुलूप. न्यू जर्सीतल्या एडिसनहून पावणेदोन तास गाडी हाकून पेनसिल्व्हेनियातल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या स्लॉट कारच्या रेसवेला पोचलो, तर काचेवर हाताने लिहिलेला कागद: बुधवार ते शुक्रवार संध्याकाळी, शनिवार-रविवार दुपारपासून. चूक सर्वस्वी माझी. "बाबा, आधी फोन करायचा ना," असं म्हणून मुलाने मागच्या सीटवर झोप काढली. तर पहिला सल्ला हाच. स्लॉट कारचे रेसवे ही हौसेवर चालणारी दुकानं आहेत. इंटरनेटवरच्या वेळांवर विसंबू नका, फोन करा, आणि फोन कुणी उचलेपर्यंत घरातून निघू नका.

स्लॉट कार म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅकवर खाच असते, गाडीच्या नाकाखालची जीभ त्या खाचेत बसते, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्यांतून वीज मोटरला मिळते. हातातल्या पिस्तुलासारख्या कंट्रोलरने फक्त वेग कमीजास्त करायचा. स्टिअरिंग नाही. वळणावर जास्त दाबलंत की गाडी खाच सोडून उडते. नाशिकला लहानपणी मामाने दुबईहून आणलेला स्केलेक्सट्रिकचा सेट आमच्याकडे होता, दोन लेनचा, आठाच्या आकड्यासारखा. गाडी उडाली की थेट देवघराखाली जायची आणि आजी ती परत देण्याआधी श्लोक म्हणून घ्यायची. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिसने १९५७ साली बाजारात आणलेलं ते खेळणं. पण ते घरातलं. मी शोधत होतो ते वेगळं होतं: खोलीत न मावणारे, आठ लेनचे, तासाच्या भाड्याने चालणारे लाकडी ट्रॅक.

साठच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत या ट्रॅकची साथच आली होती. बंद पडलेल्या दुकानांत, बोलिंगच्या हॉलमध्ये, मिळेल तिथे रेसवे निघाले. अमेरिकन मॉडेल रेसवेज ही कंपनी तयार ट्रॅक तुकड्यांत पाठवायची. त्यांची नावं राजेशाही, पण लोक त्यांना रंगावरून ओळखत. निळा तो किंग, १५५ फूट लांब. जांभळा २२० फुटांचा, त्याला म्हणायचे पर्पल माइल. यात फुशारकी होती पण लबाडी नव्हती. गाड्या खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाच्या. २२० गुणिले २४ करून बघा, ५,२८० फूट, म्हणजे बरोब्बर एक मैल.

मग ही साथ ओसरलीही तितक्याच वेगाने. १९६८-६९ पर्यंत रेसवे धडाधड बंद झाले. मला पटणारं कारण असं की गाड्याच फार पळायला लागल्या. मोटर तिरकी बसवलेल्या, हाताने वाइंडिंग केलेल्या गाड्या आल्या आणि खाऊचे पैसे घेऊन येणारं बारा वर्षांचं पोर दुसऱ्याच फेरीत मागे पडू लागलं. पोरं गेली, भाडं थकलं, दुकान मिटलं. ट्रॅक मात्र मिटले नाहीत. ते कापले गेले, विकले गेले, कुणाच्या तरी कोठारात वीस वर्षं पडून राहिले आणि दुसऱ्या गावात पुन्हा जोडले गेले. आज अमेरिकेत कुठे जुना किंग दिसला, तर तो बहुधा आहे त्या जागेचा मूळ रहिवासी नसतो. तो कुठून आला हे शोधायचा मला नाद लागला.

दोन्ही खेपांच्या मधल्या रविवारी ब्रुकलिनला गेलो. चर्च ॲव्हेन्यूवर बझ-ए-रामा नावाचा रेसवे १९६५ पासून होता, न्यूयॉर्क शहरातला शेवटचा. फ्रँक पेरी, ज्यांना सगळे बझ म्हणत, आणि त्यांची पत्नी डोलोरेस यांनी तो चालवला. २०२१ मध्ये बझ गेले आणि रेसवेही संपला. आता तिथे धावायला काही नाही. सबवेच्या एफ गाडीने जाऊन, फुटपाथवर उभं राहून एक फोटो काढला आणि परत आलो. नुसतं बघायला जायचं असेल तर खास फेरी मारू नका, दुसऱ्या कामाला जोडून घ्या. पण ज्यांना अशा जागांचा माग काढायचाय त्यांना एक युक्ती सांगतो. न्यूयॉर्कच्या महापालिकेने करआकारणीसाठी शहरातल्या इमारतींचे फोटो दोनदा काढून घेतले, एकदा १९४० च्या आसपास आणि एकदा १९८० च्या दशकात. दोन्ही संच ऑनलाइन आहेत, पत्ता टाकला की दर्शनी भाग समोर. साठच्या दशकाचा नेमका मधला काळ त्यात नाही, पण दुकानाची रुंदी, खांब, वरचा मजला कळतो, आणि २२० फुटांचा ट्रॅक या जागेत मावला असता का याचा निकाल तिथेच लागतो. इतर शहरांत सार्वजनिक ग्रंथालयात जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या मागा. 'हॉबी' आणि 'ॲम्युझमेंट' अशी दोन्ही सदरं चाळा, रेसवे कधी यात सापडतो कधी त्यात. 'कार मॉडेल', 'मॉडेल कार सायन्स' अशा त्या काळच्या मासिकांतल्या जाहिराती लेखांपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण जाहिरातीत पत्ता असतो.

दुसऱ्या खेपेला शनिवारी दुपारी दार उघडं होतं. आत पाऊल टाकताच वास आला आणि मी थबकलो. आयोडेक्स! मुलाला काही कळेना, त्याच्या पिढीने गुडघ्याला आयोडेक्स चोळलेलं नाही. टायरला पकड यावी म्हणून लावायच्या मिश्रणात विंटरग्रीनचं तेल घालतात, आणि आयोडेक्सचा वासही त्याच द्रव्याचा. साठ वर्षांपूर्वीही रेसवेत हाच वास यायचा म्हणे. त्यात मोटरचं तेल, तापलेलं तांबं आणि ट्रॅकवर फवारलेला चिकट ग्लू. त्या ग्लूमुळे दुसरा सल्ला: जुने कपडे घाला. माझ्या बाहीवरचा डाग अजून आहे.

भाड्याची गाडी आणि कंट्रोलर घेतला. लेनचे रंग ठरलेले असतात: लाल, पांढरा, हिरवा, नारिंगी, निळा, पिवळा, जांभळा, काळा. नवख्याने मधल्यांपैकी एखादी मागावी. कडेच्या लाल आणि काळ्या लेनला तिथे गटार म्हणतात, आणि ते उगाच म्हणत नाहीत. मी हौसेने लाल घेतली. सरळ पट्टा संपून बँक लागते, म्हणजे भिंतीसारखं कललेलं मोठं वळण. तिथे नवखेही पूर्ण दाबून जातात, कारण उतारच गाडीला धरतो. खरी परीक्षा पुढच्या सपाट वळणांवर. एकाचं नाव डोनट, एकाचं फिंगर, एकाचं चक्क डेडमॅन. डेडमॅनवर माझी गाडी पाचदा उडाली. सहाव्यांदा ती शेजारच्या लेनमधल्या एका आजोबांच्या गाडीवर आदळली. त्यांनी काही न बोलता दोन्ही गाड्या खाचेत बसवून दिल्या, आणि मग सांगितलं की वळणात शिरण्याआधी सोड, शिरल्यावर नको. आठ सेकंदांची माझी फेरी सातवर आली. मुलाची साडेपाचवर होती. तरबेज लोकांच्या पंख लावलेल्या गाड्या हाच १५५ फुटांचा फेरा दीड सेकंदाच्या आत पुरा करतात. डोळ्याला गाडी दिसत नाही, फक्त रंगाची रेघ.

पण मी आलो होतो ट्रॅकसाठी. मालकांना विचारलं, हा कुठला? ते हसले. म्हणाले, मी तिसरा की चौथा मालक, कागद काही नाहीत. वरून बघून काय कळणार? वरचा भाग रंगवलेला, पुन्हा रंगवलेला. खाचेलगतची तांब्याची चपटी वेणी, जिला ते ब्रेड म्हणतात, तीही झिजली की उपटून नवी चिकटवतात. वेळ मोजणारी यंत्रणा कालपरवाची. वरचा ट्रॅक म्हणजे रंगरंगोटी केलेला वाडा. मी परवानगी मागितली, टॉर्च घेतला आणि टेबलाखाली शिरलो.

खाली सगळं वेगळंच होतं. दोन तुकडे जिथे जुळतात तिथल्या लाकडी चौकटीत बोल्टची भोकं. एका सांध्यावर मी मोजली तर चार जोड्या, त्यातल्या तीन रिकाम्या. म्हणजे हा ट्रॅक निदान चारदा जोडलाय. रिकाम्यांपैकी एका जोडीच्या कडा तेलकट काळ्या, बाकीच्या पिवळट. काळी जोडी सर्वांत जुनी असावी. दुसऱ्या सांध्यावर पेन्सिलने '७' आणि बाण. त्याच्या समोरच्या तुकड्यावर '७' हवा, तर तिथे '११'. कधीतरी एक अख्खा तुकडा दुसऱ्या ट्रॅकचा आलाय किंवा आकडेच नव्याने घातलेत. वायरींचे तीन काळ दिसतात: कापडी आवरणाच्या तुटक्या, मग जाड काळ्या, मग आजच्या लाल-पांढऱ्या. पूर्वी रेसवेत मोटारीच्या बॅटऱ्यांवर ट्रॅक चालवत. फरशीजवळच्या आडव्या फळीवर आम्लाने खाल्ल्यासारखे खड्डे पाहिले तेव्हा ते आठवलं. कडेच्या काळ्या रंगाचा पोपडा निघालेल्या जागी निळं लॅमिनेट दिसलं. त्यावरून लगेच मूळ ब्लू किंग म्हणून नाचू नका. किंगचा आराखडा इतका लोकप्रिय झाला की नंतरच्या कारागिरांनीही तो बनवला, निळाही बनवला. रंग हा पुरावा नाही, भोकं हा पुरावा आहे.

मोजणीसाठी मी घरून बारीक सुतळी नेली होती. दुकान बंद व्हायच्या वेळी, वीज काढल्यावर, हिरव्या लेनच्या खाचेत सुतळी बसवत बसवत पूर्ण फेरा घातला. दोघं लागतात, एकाने दाबायची, एकाने सोडायची. जाड सुतळी खाचेत जात नाही, खाच जेमतेम तीन मिलिमीटर. पतंगाचा साधा दोरा घ्या, मांजा नको. १५४ फूट आणि काही इंच भरले. दोरा वळणावर आतल्या कडेला चिकटतो, तेवढा फरक सोडून द्यायचा.

खाली शिरणाऱ्यांसाठी: अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. तेरा-चौदा व्होल्टचा झटका बसत नाही, पण मागे करंट भरपूर असतो आणि अंगठीने दोन टोकं जोडली तर ती बोटावरच तापते. गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी न्या. फोटो काढताना प्रत्येक सांध्याशेजारी खडूने तात्पुरता आकडा घाला, नाहीतर घरी आल्यावर चाळीस फोटो आणि सगळे सारखे. आणि आधी गाडी भाड्याने घ्या, तासभर खेळा, मग खाली जायची परवानगी मागा. उलट क्रमाने मागितलीत तर विम्याचा माणूस समजतात.

मालक त्याच आठवड्यात एक तुकडा नवीन करत होते, तो बघायला मिळाला. आज हे काम एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीवर, होतं. लवचीक पट्टी हव्या त्या वळणात खिळ्यांनी बसवायची आणि तिच्या कडेने राउटर, म्हणजे लाकडात खाच पाडायचं सुतारी यंत्र, फिरवून खाच पाडायची. मग तीच पट्टी चार इंच सरकवून पुढची लेन. माझ्या मनात होतं की अवघड भाग खाचेचा. नाही. अवघड भाग वेणीच्या खळग्याचा. खाचेच्या दोन्ही बाजूंना उथळ खळगा पाडून त्यात वेणी बसवायची, पृष्ठभागाच्या किंचित खाली. वर राहिली तर गाडीची जीभ उचलली जाते आणि गाडी उडते. फार खाली गेली तर गाडीचे वीज घेणारे ब्रश टेकत नाहीत. मालक दर फूटभर अंतरावर नखाने चाचपून बघत होते. मला हात लावू दिला. मला दोन्ही जागा सारख्याच वाटल्या. "ही खराब आहे," म्हणाले आणि ती उपटली. शिवाय लांब ट्रॅकवर वीज एकाच जागी दिली तर लांबच्या टोकाला गाडी मरगळते, म्हणून प्रत्येक लेनला फेऱ्यात ठिकठिकाणी जोड देतात. घरी गॅरेजमध्ये बनवणाऱ्यांनी हे विसरू नये. माझ्या दोन लेनच्या ट्रॅकवर मी विसरलो होतो आणि सहा महिने मोटरला शिव्या दिल्या.

निघताना पुन्हा एकदा खाली डोकावलो. डेडमॅनजवळच्या एका पायाखाली, उंची साधायला, घडी घातलेला पुठ्ठा होता. कडेला छापील रकाना आणि शाईची दोन अक्षरं दिसत होती. जुनं स्कोअरकार्ड. त्यावर रेसवेचं नाव नक्की असणार. मी मालकांकडे बघितलं.

"तो काढायचा नाही," ते म्हणाले. "तो काढला तर डेडमॅन पाव इंच खाली बसेल आणि मला सगळे पाय पुन्हा लेव्हल करावे लागतील."

"मग कधी?"

"ट्रॅक पुन्हा विकला जाईल तेव्हा ये."

मुलाने माझ्या फोनमधून त्याचे दोन फोटो काढलेत. अक्षरं बहुधा 'आर' आणि 'ए' आहेत.