शब्दवही पुढे सरकली : हाउझल, श्रिफ्ट, सायमनी

इंग्रजी धर्मशास्त्रातल्या जुन्यापान्या शब्दांची वही आता बरी भरत चालली आहे. वर्णानुक्रमाने जायचा नाद मात्र सोडला. एक उतारा घ्यायचा आणि त्यातला शब्द न् शब्द सोलून काढायचा, हे जास्त रंगतं.

सध्या मुक्काम शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात बापाचं भूत आपल्या खुनाची हकीकत सांगतं आणि एकाच ओळीत तीन शब्द फेकतं : अनहाउझल्ड, डिसअपॉइंटेड, अनअनील्ड. हाउझल म्हणजे कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्ती प्रभुभोजनाच्या विधीतली, पवित्र भाकर. अनीलमध्ये लपलंय तेल : लॅटिन ‘ओलेउम’वरून जुन्या इंग्रजीत ‘एले’ आलं, त्यातून मरणाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी. खरी फसगत मधल्या शब्दाची. इथे निराशेचा काही संबंध नाही. अपॉइंट म्हणजे सज्ज करणं, तेव्हा हा ‘तयारी न झालेला’. राजा बागेत झोपेत मारला गेला. ना भाकर, ना तयारी, ना तेल.

गंमत अशी की नाटक 1600च्या आसपासचं. तोवर इंग्लंडच्या चर्चने 1552च्या प्रार्थनापुस्तकातून तेलाचा विधी काढून टाकला होता, आणि शुद्धिस्थळाची (मेल्यावर आत्म्याची पापं जाळून काढणारी जागा, पर्गेटरी) कल्पनाही आपल्या श्रद्धेच्या 39 कलमांमध्ये झिडकारली होती. भूत मात्र पापं जळून जाईपर्यंत आगीत उपास काढतंय! चर्चमधून हद्दपार झालेलं रंगभूमीवर बिनधास्त वावरत होतं. मला तरी कोशातल्या अर्थापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

श्रिफ्ट याच गोतावळ्यातला. श्राइव्ह म्हणजे पापकबुली ऐकून क्षमा देणं. रिचर्ड तिसरा नाटकात हेस्टिंग्जला शिरच्छेदाआधी ‘शॉर्ट श्रिफ्ट’ उरकायला सांगतात, कारण ड्यूकला, म्हणजे रिचर्डलाच, जेवायला बसायचंय आणि त्याआधी याचं मुंडकं बघायचंय. आज कुणाला वाटेला लावलं की इंग्रजीत हेच म्हणतात.

1662च्या प्रार्थनापुस्तकावरही हात फिरवला. तिथे देवाला चक्क ‘प्रिव्हेंट अस’ अशी विनवणी आहे. म्हणजे आमच्या पुढे चाल, वाट दाखव. ‘इनडिफरंटली’ न्याय करणं म्हणजे निःपक्षपातीपणे. नवख्यांनी अवघड दिसणाऱ्या शब्दांपेक्षा असल्या ओळखीच्या चेहऱ्यांपासून सुरुवात करावी.

सुप्रालॅप्सेरियन आणि इन्फ्रालॅप्सेरियन यांना एकच पान दिलंय. तारणासाठी माणसांची निवड देवाने आदमच्या पतनाचा विचार करण्याआधी ठरवली की नंतर, हा कॅल्विनपंथीयांचा वाद. वाद दांडगा, शब्द मात्र रुक्ष.

आता सायमनी. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात सायमन नावाचा जादूगार पवित्र आत्मा देण्याची ताकद पैसे मोजून मागतो. त्याच्यावरून धर्मपदाच्या खरेदी-विक्रीला हे नाव पडलं. त्याच्या शेजारी लिहिलाय अ‍ॅडव्हाउझन : एखाद्या चर्चवर पाद्री सुचवण्याचा हक्क. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात हा हक्क वतनासारखा विकताही येई. पाद्री जागेवर असताना सौदा केला तर चालायचं. जागा रिकामी असताना तिथली नेमणूक विकत घेतली की ती सायमनी. या दोन सौद्यांमधल्या पळवाटा सध्या वहीत उतरवतोय.