मोजे बरोबर बसले

आज बर्लिनमधल्या माउअरपार्कच्या रविवारच्या जुन्या बाजारात चार युरोला एक फोटो पोस्टकार्ड मिळालं, पहिल्या महायुद्धातला एक जर्मन पोरगा स्टुडिओत उभा, मागे पडद्यावर रंगवलेली झाडं. विकणारे आजोबा म्हणाले 1914 चं आहे, पण मला पटेना, कारण कोटाची बटणं दिसतच नव्हती, पट्टीखाली झाकलेली, आणि तसला कोट 1915 मध्ये आला, त्याआधी बटणं समोर दिसायची. घरी येऊन भिंग घेऊन बसले. खांद्यावरचा रेजिमेंटचा आकडा 6 की 8 ते अजून कळलेलं नाही. मागे मात्र फेल्डपोस्टचा, म्हणजे लष्करी टपालाचा, शिक्का स्पष्ट, 1916! तिकीट नाही, सैनिकांची कार्डं फुकट जायची ना. अक्षर कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी, त्यातला ई आजच्या एनसारखा दिसतो, त्यामुळे चार ओळींना दोन तास लागले. आईला लिहिलंय, पार्सल मिळालं, मोजे बरोबर बसले.

एवढंच. मला एकदम भरून आलं.

नावही लागलंय. तेव्हाच्या मेलेल्या, जखमी, बेपत्ता सैनिकांच्या याद्या आता ऑनलाइन शोधता येतात, पेज उघडून ठेवलंय कधीचं, पण नाव टाइप करायला हात धजत नाहीये.