तुम्ही विचारलंत म्हणून: जिन्यातला पासवर्ड

सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगनंतर कुणीतरी विचारतंच, "वहिनी, वायफायचा पासवर्ड जिन्यात का चिकटवलाय? सानपाडा विसरलात?"

विसरले नाही. नेरूळहून सानपाडा दोनच स्टेशनं. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला तो सानपाड्यातल्या एका अमेरिकन भाडेकरूच्या वायफायवरून. त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी चौकशी त्याच्याच दारात आली, कारण राउटरवर कितीही जण असोत, बाहेर घराचा एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख-क्रमांक, दिसतो. तोवर माझंही वायफाय उघडंच होतं. त्याच आठवड्यात पासवर्ड लावला. बरोबरच केलं.

मग २०२० आलं. वॉचमनची मुलगी दहावीला, शाळा मोबाइलवर. तिला मी पासवर्ड दिला होता. आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसायची. नोव्हेंबरात माझ्या ऑफिसच्या कॉलमध्ये आवाज तुटायला लागला. राउटरच्या यादीत पाच अनोळखी फोन दिसले. दुपारी साडेबाराला, कुणाला काही न विचारता, मी पासवर्ड बदलला.

संध्याकाळी कचरा ठेवायला दार उघडलं तर ती तिथेच, फोन मांडीवर.

"काकू, टेस्ट चालू होती. सहा प्रश्न झाले होते. नेट येईल म्हणून थांबले."

"अगं, बेल का नाही वाजवलीस?"

"आई म्हणाली, त्यांनी बंद केलं असेल तर मागायचं नाही."

पाचातला एक फोन तिचा. बाकीचे तिच्या वर्गातल्या मुलींचे, त्यातली एक इस्त्रीवाल्याची मुलगी. टेस्ट परत झाली नाही.

माझं काम अडलं होतं, हे खरं. बिल मी भरते, हेही खरं. पण दार उघडून एकदा बघायला किती वेळ लागला असता?

आता गेस्ट नेटवर्क वेगळं आहे. त्यावरून घरचा लॅपटॉप दिसत नाही, वेगाला मर्यादा आहे, रात्री अकराला बंद होतं. कागद भिंतीवर आहे तो कुणाला मागावं लागू नये म्हणून.

आयपी पत्ता मात्र अजूनही माझ्याच घराचा. २०२०च्याच डिसेंबरात केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली, दुकानदारांना परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता यावं म्हणून. त्यात वापरणाऱ्याची ओळख नोंदली जाते. माझ्या कागदात तशी सोय नाही. पोलीस आले तर काय सांगणार, असं २००८मधली मी विचारते, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

मागच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन शाई फुटली होती. मी कागद नवा लिहून लावला.