आंबेनळी घाटात गाडी बंद केली तेव्हा

अनंत चतुर्दशी झाली की पुण्यात जे एकदम सुनं सुनं होतं ना, ते पथकात वाजवणाऱ्यांना बरोबर कळेल. दोन महिने रोज संध्याकाळी ऑफिसमधून थेट नदीपात्रात प्रॅक्टिसला, कमरेवर ढोलाच्या दोरीचे वळ, मग ते दहा दिवस, मग मिरवणूक, आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही. दरवर्षी दोनचार दिवस मला असं होतं आणि मग आपोआप जातं. ह्या वर्षी गेलं नाही. आठवडा उलटला तरी सकाळी ब्रश हातात धरून मी बेसिनपाशी नुसता उभा. कारण विचाराल तर खरंच सांगता येणार नाही, नोकरी ठीक, घरचे ठीक, तब्येत ठीक.

म्हटलं राईड मारू, आजवर प्रत्येक वेळी हेच औषध लागू पडलंय. पण पितृपंधरवडा चालू, एकाच्या घरी श्राद्ध, दुसऱ्याचं ऑफिसचं काम, तिसऱ्याने फोनच उचलला नाही, मग एकटाच निघालो. प्लॅन साधा होता, भोरवरून वरंधा घाट उतरायचा, महाड, पोलादपूर, तिथून आंबेनळी चढून महाबळेश्वरला मुक्काम आणि रविवारी कासची फुलं बघून साताऱ्यावरून परत. कासचं बुकिंगपण केलेलं होतं.

सकाळी सहाला कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हा बरं वाटत होतं हे कबूल करायला पाहिजे. कापूरहोळला मिसळ खाल्ली. भोरमध्ये थांबून घाट चालू आहे ना हे विचारून घेतलं, कारण पावसाळ्यात वरंध्यात दरडी येतात आणि रस्ता बऱ्याचदा बंद ठेवतात. चालू होता. भोर सोडलं की नीरा देवघरचं पाणी रस्त्याच्या कडेकडेने सोबत चालतं, धरण भरलेलं, भाताची खाचरं हिरवीगार, मधेच सोनकीचे पिवळे पट्टे. हा माझा सगळ्यात आवडता रस्ता आहे, कॉलेजपासून किती वेळा आलोय मोजलेलं नाही. आणि त्या दिवशी मी हे सगळं बघत होतो आणि आत काहीच होत नव्हतं. एखाद्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तसं, छान आहे, पण आपलं कोणी नाही त्यात.

वाघजाईच्या देवळापाशी भजी खायला सगळेच थांबतात, मी थांबलो नाही. एकट्याने राईड करताना ही गोष्ट फार होते, चहा घ्यायचा का असं विचारणारं कोणी नसतं म्हणून आपण थांबतच नाही. घाटात पाऊस लागला, रेनकोट डिकीत... म्हणजे मागच्या बॅगेत होता पण काढायचा कंटाळा केला. बिरवाडीपर्यंत ओला, महाडला ओला, पोलादपूरला ओला. दुपारचे अडीच वाजून गेले होते आणि सकाळच्या मिसळीनंतर पोटात काही नव्हतं. आज मागे वळून बघताना हे सगळं लख्ख दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं, तेव्हा वाटत होतं की मन लागत नाहीये तर निदान किलोमीटर तरी संपवू.

पोलादपूर सोडलं की आंबेनळी चालू होतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सावित्रीचं खोरं, आणि जसजसं वर जावं तसतसं धुकं दाट. मी पोलादपूरच्या बाजूने निम्मा घाट चढलो असेन, तिसऱ्या गिअरवर, हेडलाईट चालू, आणि एका वळणावर समोरून एसटी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मी डावीकडे घेतली, ती गेली. बस्स, एवढंच झालं. पण ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की छातीत धडधड झालीच नाही. नेहमी होते. त्याच्या मागची चार-पाच वळणं आठवून बघितली तर एकही आठवेना. मी ती घेतली होती, पण मी तिथे नव्हतोच.

त्या क्षणी मला भीती वाटली, आणि ती दरीची नव्हती. दरीची भीती वाटत नाहीये ह्याची वाटली.

२०१८ च्या जुलैमध्ये ह्याच घाटात सहलीला निघालेली एक बस खाली गेली होती, बसमधला एकच माणूस वाचला. तेव्हापासून हा घाट चढताना मी प्रत्येक वेळी मनात हात जोडतो. त्या दिवशी तेही केलं नव्हतं.

पुढच्या रुंद जागेवर गाडी बाजूला घेतली, मेन स्टँडला लावली, चावी काढून खिशात टाकली आणि कठड्याच्या आतल्या अंगाला दगडावर बसलो. इंजिन थंड होताना टिक टिक आवाज करतं तो ऐकू येत होता, सायलेन्सरवर पाण्याचे थेंब पडून चुर्र होत होते. ग्लोव्हज काढले तर बोटं पांढरी पडलेली, टोकाला सुरकुत्या, आणि ग्लोव्हजचा काळा रंग नखांच्या कडांत उतरलेला. कठड्याच्या फटीतून तेरड्याचं एक रोप बाहेर आलं होतं, तीन गुलाबी फुलं, वाऱ्याने सारखी हलणारी. ते मी किती वेळ बघत बसलो माहीत नाही. रडायला आलं. का ते विचारू नका.

शाळेच्या गणवेशातली दोन पोरं खालून चालत आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि एकाने विचारलं, "काका, ॲव्हरेज किती देती?" मी म्हटलं पंचेचाळीस. तो म्हणाला, घाटात नाय देणार. म्हटलं हो, घाटात नाही देत. दुसऱ्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "थंडी वाजतीय का?" तेव्हा मला कळलं की मी कुडकुडतोय. रेनकोट काढला, आतला शर्ट बदलला, बॅगेतली राजगिऱ्याची वडी काढली, अर्धी त्यांना दिली. ती पोरं गेल्यावरच गाडी चालू केली, आणि वर पोचेपर्यंत प्रत्येक वळण तोंडाने मोठ्याने बोलत गेलो, डावं, उजवं, डावं, हॉर्न. मन ठिकाणावर नसेल तर घाटात गाडी चालवू नये हे मी आता पथकातल्या पोरांना दारू पिऊन चालवू नका म्हणतो तितक्याच जोरात सांगतो.

महाबळेश्वरला रूम घेतली, गरम पाण्याने आंघोळ केली, पिठलं भाकरी खाल्ली. थंडी गेली, भूक गेली, पण ते काही गेलं नाही, म्हणजे निम्मं ओल्या कपड्यांचं होतं आणि निम्मं खरं होतं. ताईला फोन लावला. नेहमीसारखं "मस्त चाललंय" तोंडावर आलं होतं, गिळलं. म्हटलं, ताई मला बरं वाटत नाहीये, दुखत काही नाही, पण बरं नाहीये. ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "उद्या कासबिस काही नाही, उजाडल्यावर निघायचं आणि सरळ धनकवडीला माझ्याकडे यायचं, वाटेत तीनदा थांबायचं आणि प्रत्येक वेळी मला फोन करायचा."

रात्री एक वाजेपर्यंत झोप नाही. मग १४४१६ लावला, टेलि-मानसचा, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, २०२२ साली सुरू झालेली, रात्रीपण चालू असते आणि मराठीत बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवला होता, कधीतरी कोणाला लागेल म्हणून. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतोय का. इतकं सरळ मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही. मी म्हटलं नाही, पण आज दुपारी दरीची भीती वाटली नाही. त्या म्हणाल्या, हे सांगितलंत ते फार बरं केलंत, आणि मग झोप, भूक, काम सगळं एकेक करून विचारलं. पुण्यात कुठे दाखवायचं तेही सांगितलं.

सकाळी निघण्याआधी जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. गर्दी नव्हती, गोमुखाखाली हात धरला, पाणी बर्फासारखं गार. कृष्णा इथूनच पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला, आदल्या दिवशी जिच्या काठाकाठाने वर आलो ती हीच. मग पाचगणी, पसरणी घाट, वाई, खंबाटकीचा बोगदा. तीनदा थांबलो, तीनदा फोन केला.

ताईने दार उघडलं, ग्लोव्हज हातातून घेऊन गॅलरीत दोरीवर टाकले आणि मेथीची जुडी माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "निवड." जमिनीवर पेपर पसरून आम्ही दोघं समोरासमोर बसलो. अर्धी जुडी होईपर्यंत दोघंही गप्प होतो, मग मी बोलायला लागलो.