फौजींच्या दवाखान्याचा हिशोब दिल्लीतच मागावा लागतो

डिसेंबरात अधिवेशन लागलं की आपल्या नागपुरात मोर्चेच मोर्चे, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर बॅरिकेड्स लागतात. यंदा आमच्या कॉलनीतले रिटायर्ड फौजी काका लोकही ईसीएचएसचं, म्हणजे रिटायर्ड फौजींच्या इलाजाच्या सरकारी स्कीमचं निवेदन घेऊन आमदाराकडे जायचं म्हणून राहिले होते. मी म्हटलं काका, द्या निवेदन, पण संरक्षण हा केंद्राचा विषय, विधानभवनात त्यावर कोणी मंत्री उत्तर देणार नाही, हे खासदाराकडूनच संसदेत न्यावं लागते.

बाबांचं सांगते. रेफरल, म्हणजे ईसीएचएसची हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी, घेऊन एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये गेलो, हॉस्पिटल स्कीमच्या पॅनलवरचं, कार्ड चालू, सगळं बरोबर. काउंटरवरच्या मुलीने रेफरलचा कागद उलटापालटा करून बघितला, कार्डाची झेरॉक्स पिन काढून वेगळी केली आणि म्हणाली ईसीएचएसचे पैसे अडकलेत, डिपॉझिट भरा. नकार लेखी द्या म्हटलं तर नाही दिला. ही स्कीम 1 एप्रिल 2003 पासून आहे आणि तिच्यात फौजी स्वतःच्या खिशातून वर्गणी भरतो हो, कोणी खैरात नाही करत!

आणि जे अजून नोकरीत आहेत, कामठीच्या छावणीत म्हणा की वायुसेनानगरात, त्यांचा इलाज मिलिटरीच्याच हॉस्पिटलमध्ये होतो, पण तिथे काही कमी पडलं तर ते मोर्चा काढू शकत नाहीत, युनियन करू शकत नाहीत, पेपरातही बोलायची मनाई, राज्यघटनेच्या कलम 33 ने संसदेला तसे कायदे करायची मुभा आहे आणि 1950 च्या आर्मी अ‍ॅक्ट आणि एअर फोर्स अ‍ॅक्टमध्ये ती बंधनं आहेत. ज्या संसदेने त्यांचा आवाज बांधला तिनेच त्यांच्यासाठी विचारायला पाहिजे, मला तर हे साधं कर्तव्य वाटते.

व्यवस्था आहे, नाही असं नाही. संरक्षणाची स्थायी समिती आहे, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 खासदार, दरवर्षी बजेटच्या मागण्या तपासते, त्यात ईसीएचएसचा पैसाही येतो. समितीच्या शिफारशी सरकारला बंधनकारक नसतात, पण काय केलं ते तीन महिन्यांत सांगावं लागते. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनेही 2015 मध्ये ईसीएचएसवर अख्खा रिपोर्ट दिला, औषधं मिळत नाहीत, बिलांचे घोळ, सगळं त्यात आहे. हे रिपोर्ट इंग्रजी-हिंदीत नेटवर पडून असतात, गावाकडच्या वीरपत्नीने ते कुठे शोधावे?

खासदाराला पत्र लिहिताना नुसतं "त्रास होतो" लिहू नका. तारीख, रेफरल नंबर, किती पैसे भरायला लावले ते लिहा आणि प्रश्न नेमका विचारायला सांगा, म्हणजे नागपूर जिल्ह्यातल्या पॅनलवरच्या हॉस्पिटलांची किती बिलं किती महिन्यांपासून थकली आहेत. अतारांकित प्रश्न मंजूर झाला तरी मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावंच लागते आणि ते रेकॉर्डवर राहते. बाबांच्या केसचं पत्र मी तयार केलं आहे, कामठी-काटोल-उमरेडकडच्या कोणाला असाच अनुभव आला असेल तर पावतीचा फोटो पाठवा, सोबत जोडते.