आईला आत झोप लागली पाहिजे

८ जून, रविवार. लीड्स, इंग्लंड.

घर पूर्ण झालं, असं आजपासून म्हणायला हरकत नाही. वास्तुशांत मे महिन्यातच झाली, पण आमच्याकडं नव्या घराची खरी परीक्षा मृगात होते. परवा रात्री गावाकडं दणकून पाऊस झाला आणि सकाळी भावानं घरभर फिरून एकेक कोपरा व्हिडिओवर दाखवला. स्लॅबला ओल नाही, खिडक्यांच्या चौकटीतून कुठं झिरपलेलं नाही, घराच्या कडेनं पाणी थांबलेलं नाही. रात्रपाळी करून आले होते, डोळ्यांवर झोप होती, तरी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. काम चालू असताना चार ओळी लिहायला सवड झाली नाही. आज सुट्टी आहे, तर लिहून ठेवते.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यातलं. भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. मी लहान होते. मला धूळ आठवते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, मला काखेत धरून मारुतीच्या देवळाकडं पळत होते ते आठवतं. आजी माळवदाखाली, म्हणजे घराच्या मातीच्या छताखाली गेली. सगळ्या पट्ट्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

त्या घरांचं काय झालं हे मला पुष्कळ उशिरा, या बांधकामाच्या निमित्तानं वाचताना नीट कळलं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, पण रचलेल्या नुसत्या मातीत. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचित कुठंतरी. वर तुळया, त्यांच्यावर किलचन म्हणजे आडव्या लाकडांचा थर आणि त्यावर पांढरीची माती. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी तिच्यावर आणखी माती टाकायची. असं वर्षानुवर्षं करत फूट-दोन फूट मातीचं ओझं डोक्यावर चढलेलं. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा दुसऱ्या कुठल्या घरात नव्हता, हेही खरं. हादरा बसला तसे भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि ढासळले. त्यांच्यावर माळवद आलं. जिथं तुळया मजबूत लाकडी खांबांवर टेकलेल्या होत्या, तिथं भिंती पडूनही छत तसंच राहिलं आणि खालची माणसं वाचली. आमच्या शेजारच्या वाड्यात तसं झालं. अण्णा अजूनही त्या खांबांची जाडी हातानं दाखवून सांगतात.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. ज्याच्याकडं जेवढी जमीन त्या मानानं २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांचं घर. आम्हाला ४०० चं मिळालं. घर चांगलं होतं, आम्ही भावंडं त्यात वाढलो. पण आई त्यात कधी झोपली नाही. स्वयंपाक आत, देव आत, ज्वारीची पोती आत, आणि रात्री तिची खाट मात्र पुढच्या पत्र्याच्या शेडात. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायची, "आत उकडतंय." पुसाच्या थंडीतसुद्धा हेच म्हणायची. आम्हीही कधी तिला खोदून विचारलं नाही.

म्हणून त्याच प्लॉटच्या मोकळ्या बाजूला नवं घर बांधायचं ठरलं, तेव्हा माझी अट एकच होती. आईला आत झोप लागली पाहिजे. बाकीचं सगळं त्यावरून ठरवू.

पैशाचं फार लिहीत नाही. थोडं साठलेलं, थोडं कर्ज. जागा आई-अण्णांच्या नावावर असल्यामुळं मला मुखत्यारपत्राच्या धावपळीत पडावं लागलं नाही. इथल्या माझ्या एका परभणीच्या मैत्रिणीचा प्लॉट तिच्या स्वतःच्या नावावर होता. तिला भारतीय उच्चायुक्तालयातून मुखत्यारपत्राचा कागद साक्षांकित करून घ्यावा लागला, आणि तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्कही भरावं लागलं. परदेशात राहून बांधणाऱ्यांनी हे आधी बघून घ्यावं, नाहीतर पाया खणायच्या दिवशी कागद अडतात.

जास्त जड गेलं ते लेकीचे पैसे घेणं. माझ्या सासरी कुणी शब्दानं बोललं नाही. बोलले ते गावातले. अण्णा दोन-तीन महिने विषय टाळत राहिले. शेवटी मी म्हणाले, "अण्णा, नर्सिंगच्या फीसाठी तुम्ही बैल विकलात तेव्हा मी नको म्हणाले नव्हते." त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, लातूरच्या इंजिनिअरकडं कधी जायचं म्हणून.

इंजिनिअर भले निघाले. नकाशा काढायच्या आधी त्यांनी खड्डा घ्यायला सांगितला. आमचा प्लॉट काळ्या रानातला. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेलं घर दर वर्षी वर-खाली होत राहतं. गावात नव्या नव्या घरांच्या खिडक्यांपासून तिरक्या चिरा गेलेल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच यामुळंच. म्हणून काळी संपून चांगला मुरूम लागेपर्यंत खणलं. निघालेली काळी माती परत जोत्यात भरायची नाही असं ठरलं. ती शेतात नेऊन टाकली आणि भरावाला बाहेरून मुरूम आणला. चुलतभाऊ म्हणाला, "फुकटची माती टाकून इकत कशाला आणायची?" तेवढ्या ट्रिपांचे पैसे देताना अण्णांचाही हात थोडा अडखळला. पण जोतं भरल्यावर रोलरनं, पाणी मारत, थरावर थर दाबून घेतलं तेव्हा त्यांनाच ते पटलं.

काम मजुरीवर दिलं. मटेरियलसकट ठेका दिला असता तर माझी धावपळ वाचली असती, पण सिमेंट आणि सळई आपल्या हातात राहावी असं वाटलं. ज्या वस्तू गाडल्या जाणार, झाकल्या जाणार, तिथंच काटकसर होते. आणि मी साडेसात हजार किलोमीटरवर.

कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधायच्या रिंगांवरून मिस्त्रींशी वाजलं. मिस्त्री वयानं मोठे, हाताला सफाई आहे, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांनी वाकवलेल्या रिंगांची टोकं काटकोनात होती. भूकंपाच्या पट्ट्यात ती १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात शिरतील अशी वाकवावी लागतात. हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट फुटून गळालं तर काटकोनातली रिंग उघडते. मग उभ्या सळयांना धरणारं काही राहत नाही. पोटात वळलेलं टोक आतल्या काँक्रीटला धरून राहतं. मी फोनवर हे सांगत होते आणि ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ताई, आजवर आम्ही असंच करूलालाव. एक बी घर पडलं नाही."

तेव्हा अण्णा मध्ये बोलले, "त्र्याण्णवच्या आदल्या दिवसापर्यंत आमचं बी पडलं नव्हतं, मिस्त्री."

मिस्त्री गप्प झाले. त्यांचंही घर त्याच पट्ट्यातलं, त्यांनीही माणसं गमावलेली. दुसऱ्या दिवसापासून रिंगा हव्या तशा वाकल्या. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला चार-चार इंचांवर, मध्ये थोड्या विरळ. भाऊ प्रत्येक कॉलमला टेप लावून फोटो पाठवायचा, आणि मी वॉर्डातल्या ब्रेकमध्ये ते मोठे करकरून मोजायचे. उभ्या सळईचा जोड जोत्याच्या लगेच वर देण्याची गवंड्यांची सवय असते. तो आम्ही कॉलमच्या मधल्या भागात घेतला. दारं-खिडक्यांच्या वरून काँक्रीटची पट्टी सगळ्या भिंतींवर अखंड फिरवली आणि कॉलमांना जोडली, म्हणजे भिंत सुटून अंगावर येणार नाही.

स्लॅब संक्रांतीनंतर टाकला. सकाळी आठला तिकडं मिक्सर सुरू झालं तेव्हा इथं रात्रीचे अडीच. माझी ड्यूटी होती. ब्रेक झाला की फोन लावायचा, पाच मिनिटं बघायचं, परत वॉर्डात. भावाला एकच काम दिलं होतं, पाण्यावर लक्ष ठेव. माल सरसर पसरावा म्हणून मजूर बादलीनं पाणी वाढवतात. ते त्या बिचाऱ्यांच्या कमरेच्या सोयीचं असतं, पण काँक्रीटचा जीव तिथंच कमी होतो. आईनं त्या दिवशी सगळ्या गँगला पुरणपोळी आणि कटाची आमटी केली. माझी ड्यूटी संपली तोवर तिकडं मंडळी जेवायला बसली होती. एका मजुरानं मला फोनवर विचारलं, "ताई, तिकडं काय खाल्लाव?" मी टोस्ट म्हणाले तर त्याला फार वाईट वाटलं.

मग पाणी मारणं. यात मी फक्त ऐकत राहिले, केलं सगळं आईनं. स्लॅबवर मालाची आळी करून त्यात पाणी साठवलं, कॉलमांना गोणपाट गुंडाळून ते भिजत ठेवलं. इंजिनिअरांनी चौदा दिवस सांगितले होते. आईनं त्याच्या कितीतरी पुढं नेलं. लातूरकडच्या माणसाला हे सोपं नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या गावात तेव्हा रात्री बारा-बारापर्यंत हापशावर घागरींची रांग असायची. त्याच आईला आता भिंतीवर पाणी ओतायचं होतं. पहिल्या दिवशी म्हणाली, "माणसाला प्यायला मिळत नाही अन् भिंतीला पाजायचं." बोअर चालू असेतोवर बोअरचं, नंतर टँकर. सकाळी उन्हं चढायच्या आत आणि दिवस मावळताना ती पाइप घेऊन उभी राहायची. बाळंतिणीसारखी तिनं त्या स्लॅबची काळजी घेतली. काही दिवसांनी तिच्या बोलण्यात फरक पडला. आधी "तुझं घर" म्हणायची, मग "आपला स्लॅब" म्हणायला लागली. माझ्या मते तिची भीती तिथंच कमी झाली. त्या घराच्या अंगाखांद्यावर तिचा हात रोज फिरला होता.

बाकीचं पटापट झालं. गिलावा, वायरिंग, फरशी. आत टाइल्स आहेत, ओट्यावर मात्र शहाबादी, कारण अण्णांना उन्हातून आल्यावर त्यावरच टेकायचं असतं. दिशांचं गुरुजींनी सांगितलं तेवढं केलं. पैसे संपत आले तेव्हा नातेवाइकांचा आग्रह होता की पुढून डिझाइन करा, हॉलला पीओपी करा, लंडनच्या लेकीचं घर असं साधं बरं दिसत नाही. (लीड्स कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून मी सगळ्यांसाठी लंडनची.) मी नाही म्हणाले आणि त्याबद्दल मला समाधान आहे. त्या पैशातून घराभोवती फरशीचा उताराचा पट्टा केला, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. छताचं पाणी पाइपनं खाली आणून, खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून बोअरजवळ सोडलं. परवाच्या पावसात तो खड्डा भरून वाहिला, भावानं तेही दाखवलं.

आईच्या मागण्या थोड्या होत्या. डोक्यावर लॉफ्ट नको. खाटेजवळ काचेचं कपाट नको. तिच्या खोलीला थेट बाहेर निघणारं दार हवं, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडणारं. सुतार म्हणाला अशी पद्धत नाही. आईनं त्याला कारण सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "माझ्या खोलीचं हाय, मी म्हणते तसं कर."

वास्तुशांतीला मी रजा काढून गेले होते. दूध उतू गेलं, नव्या घराच्या ग्रामपंचायतीतल्या नोंदीवर, नमुना आठच्या उताऱ्यावर, अण्णांच्या जोडीला आईचंही नाव लागलेलं पाहिलं, माणसं जेवून गेली. त्या रात्री आईनं खाट आत घेतली. दारापाशी, दार सताड उघडं. मी खाली सतरंजीवर. रात्रभर तिच्या बांगड्या वाजत होत्या, म्हणजे ती जागी होती. पुढच्या रात्री कमी वाजल्या. मी निघाले त्याच्या आदल्या रात्री तर ती घोरत होती, आणि मी घड्याळात बघितलं तेव्हा चार वाजून गेले होते.

आज दुपारी तिच्याशी बोलले. पावसात काय केलं विचारलं, तर म्हणाली, "आतच होते की. दार लावलं तर जीव घाबरतोय अन् उघडं ठेवलं तर किडे-डास येऊलालेत." मग अण्णांनी फोन घेतला. त्या दारात आणखी एक जाळीचं दार बसवायचं त्यांच्या मनात आहे. औश्याच्या सुतारानं माप मागितलंय. चौकट तीन बाय सात. त्याला स्टीलची जाळी आणि आतून साधी कडी लावायला सांगितली आहे, कुलूप नको. पैसे उद्या सकाळी पाठवते.