पान क्रमांक टाकला

दसऱ्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. दीक्षाभूमीकडचे रस्ते त्या दिवशी बंद असतात म्हणून लक्ष्मीनगरातून पायीच गेलो, पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन पिशव्या भरून आणल्या, पाय ठणकून राहिले होते तरी सवयीनं लॅपटॉप उघडला. दिवसा मी विम्याचे क्लेम तपासतो आणि रात्री फुकटात ऑनलाइन ज्ञानकोश. दोन्हीकडे काम एकच, कागद दाखवा.

लोकांना वाटतं आम्ही लेख लिहितो. लिहिणं कमीच हो. वॉचलिस्ट, म्हणजे आपण लक्ष ठेवतो त्या पानांची यादी, उघडायची, कोणी काय बदललं बघायचं, चुकीचं असलं तर उलटवायचं, म्हणजे पुन्हा आधीसारखं करायचं, आणि २४ तासांत तीनच्या वर उलटवलं तर आपणच ब्लॉक होतो म्हणून मग लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे वाद घालायच्या वेगळ्या पानावर, जाऊन भांडायचं. तीन उलटवण्या संपल्या की दोस्ताला मेसेज टाकून चौथी त्याच्याकडून करवून घेणारे महाभागही आहेत, त्यांना मी ओळखतो.

त्या रात्री वाद कपिलवस्तूचा होता, बुद्धांच्या शाक्य कुळाची ती राजधानी नेमकी कुठे होती याचा. लुंबिनीवर खरं तर भांडायला जागाच नाही, १८९६ मध्ये सापडलेल्या अशोकस्तंभावर सरळ कोरलंय 'हिद बुधे जाते', इथे बुद्ध जन्मले, आणि जागा आज नेपाळात आहे. कपिलवस्तूचं तसं नाही. एक दावा नेपाळातल्या तिलौराकोटचा, दुसरा आपल्या उत्तर प्रदेशातल्या पिपरहवाचा, सरळ रेषेत दोन्हींत वीस किलोमीटरही अंतर नाही, पण मधून बॉर्डर गेली ना. कोणीतरी खातं न उघडता, नुसत्या आयपीवरून, म्हणजे नावाऐवजी इंटरनेटचा पत्ता दिसतो तसं, लेखात तिलौराकोट वर आणि पिपरहवा खाली केलं होतं. मी उलटवलं. बदलाच्या सारांशात टाकलं 'संदर्भ हवा'. त्यानं परत केलं, मी परत उलटवलं.

चर्चापानावर मी पिपरहवाच्या मातीच्या मुद्रा काढल्या. १९७० च्या दशकात आपल्या पुरातत्त्व खात्यानं खणलेल्या, त्यांवर चक्क 'कपिलवस्तु भिक्खु संघस' आहे. मला वाटलं विषय संपला. त्यानं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत शांतपणे लिहिलं की मुद्रेवरून तिथे कपिलवस्तूच्या भिक्खूंचा विहार होता एवढं कळतं, शाक्यांची राजधानी तिथेच होती हे कुठून काढलं? मुद्दा चांगला होता. मला राग आला. नागपूरकराला बुद्ध घरचाच माणूस वाटतो, त्यावर हा कोण मला सांगणारा, असं काहीतरी डोक्यात होतं. मी म्हटलं, नेपाळी पुस्तकं चालणार नाहीत, त्रयस्थ संदर्भ द्या, आणि पान क्रमांकासकट. माझ्या मुद्रांच्या संदर्भाला पान क्रमांक नव्हता. आपल्या खात्याचा अहवाल मला आपोआपच त्रयस्थ वाटला होता, हे त्या वेळी लक्षातसुद्धा आलं नाही.

इंग्रजी विकिपीडियावर एकाच शहराला ग्दान्स्क म्हणायचं की डान्झिग यावर पोलिश-जर्मन बाजू अशा भिडल्या होत्या की कोणत्या काळाला कोणतं नाव हे शेवटी २००५ मध्ये मतदान घेऊन ठरवावं लागलं. नवीन लोकांना मी तो किस्सा हसत हसत सांगतो.

रात्री दीडच्या सुमारास आपल्याच बाजूचा एक जुना संपादक उतरला आणि त्यानं लिहिलं, 'जाके गेट पे सीटी बजा, इतिहास तेरा काम नहीं.' असल्या ओळीला व्यक्तिगत हल्ला म्हणतात, ती काढायची आणि लिहिणाऱ्याला ताकीद द्यायची, मी स्वतः कितीदा दिली आहे. त्या रात्री नाही दिली. तो माझ्या बाजूनं बोलत होता ना. वरून खोटं कशाला बोलू, मी हसलोही. आणि तेवढ्यात खाली आमच्या गल्लीच्या गुरख्याची शिट्टी वाजली, मग फाटकावर काठी. महिन्याला पन्नास रुपये देतो मी त्याला. सगळे बहादूर म्हणतात, मीही.

लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी ऑफिस. रात्री येऊन बघतो तर त्या आयपीवाल्यानं संदर्भ टाकून ठेवला होता. १९०१ मध्ये छापलेला अहवाल, पूर्णचंद्र मुखर्जींचा. १८९९ मध्ये तराईत हिंडून तिलौरा म्हणजेच कपिलवस्तू असं मांडणारा हा माणूस आपल्याच पुरातत्त्व खात्यानं पाठवलेला. मी 'नेपाळी दावा' म्हणून ज्याला धुडकावत होतो तो कागद आमच्याच कपाटातला निघाला. स्कॅन उघडून तासभर वाचत बसलो.

मग लेख नीट केला, दोन्ही दावे शेजारी-शेजारी, दोन्हींना संदर्भ. त्या जुन्या संपादकाची ओळ काढली, त्याला ताकीदही टाकली. 'अरे तू कधीपासून त्यांच्याकडून?' असा मेसेज आला, उत्तर दिलं नाही. आयपीच्या चर्चापानावर माफी लिहिली. आयपी बदलत राहतात, त्यामुळे ती त्यानं वाचली असेल असं वाटत नाही. आणि काढलेली ओळ पानाच्या इतिहासात राहतेच, तारखेसकट, कोणीही क्लिक करून बघू शकतो. तिच्या आधी माझं संपादन, वेळ रात्री १.२०, आणि तिच्यानंतर दोन दिवस माझं काहीच नाही.

त्या आयपीवरून पुढे काही आलेलं नाही. कालही बघितलं. शेवटचं संपादन तेच, सारांशात तीन शब्द: पान क्रमांक टाकला.